उताराच्या घरची हळद

कानडी मुलखातल्या मेहकरात आमच्या घराला आडनावानं कुणी ओळखत नव्हतं. ‘उताराचं घर’ म्हटलं की भालकीहून बदलून आलेला नवा पोस्टमनसुद्धा न चुकता दारात यायचा, फक्त धापा टाकत यायचा. घर उंचवट्यावर, गल्ली खाली, आणि मधलं अंगण म्हणजे नुसती घसरगुंडी. अंगणात ठेवलेली घागर कधी सरळ उभी राहिली नाही. तिच्या बुडाखाली एका बाजूनं खापराचा तुकडा सारावा लागे. शेंगा फोडायला बायका दारापाशी बसत आणि बोलण्याच्या भरात सरकत सरकत गल्लीकडच्या दगडांपाशी पोचत. आमच्या कोंबड्यांची एका बाजूची तंगडी आखूड झाली आहे, असं नागूकाका येणाऱ्याजाणाऱ्याला शपथेवर सांगायचा. रांगायच्या वयात आम्हां दोघी बहिणींना मायनं लुगड्याच्या काठानं दाराच्या कडीला बांधून ठेवलं होतं म्हणे. अक्का शहाणी, ती बसून राहायची. मी काठ ताणून, उताराकडं तोंड करून हसत बसायचे. तेव्हाच घरच्यांनी ओळखायला पाहिजे होतं.

या उताराचा आम्हांला कधी त्रास वाटला नाही, कारण दुसऱ्या तऱ्हेचं अंगण आम्ही पाहिलंच नव्हतं. पंगत बसली की मानाची माणसं वर दारालगत आणि बाकीची खाली, हे न सांगता ठरलेलं. आमटी वाढणारा पत्रावळीच्या वरच्या कडेला वाढायचा आणि जेवणारा भाताचा बांध घालून ती अडवायचा. गावातली चार वर्षांची पोरंसुद्धा आमच्याकडं जेवायला बसली की आधी बांध घालायची. पण अक्काच्या साखरपुड्याला आळंदची माणसं आली, त्यांना हे कोण सांगणार? नवऱ्यामुलाची आत्या गुरव्वा, अंगानं भरभक्कम, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू, आणि त्या घरात शेवटचा शब्द तिचा. तिला आम्ही अर्थातच सगळ्यांत वर बसवलं. तिनं हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली घट्ट खीर, पत्रावळीच्या मधोमध वाढून घेतली, वर दूध ओतून घेतलं, त्यावर तूप घेतलं, आणि पहिला घास उचलेपर्यंत दूध निघालं. ते पत्रावळ ओलांडून खालच्या ओळीत पाठ करून बसलेल्या तिच्याच जावयाच्या धोतराखाली गेलं. बिचाऱ्याला आधी कोमट लागलं आणि मग कळलं.

गुरव्वा आत्यांनी पाणी पिऊन घेतलं आणि अप्पांना, आमच्या वडिलांना, म्हणाल्या, "अय्यो अण्णा, तुमच्या अंगणात व्याही बसत न्हाईत, घरंगळत्यात. लगीन आळंदला आमच्या दारात करू. तिथं ताट ठिवलं की ताट तिथंच ऱ्हातंय."

सगळे हसले. अप्पाही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आमच्याकडं पहिल्या लेकीचा मांडव बापाच्या दारात पडायचा. न पडला तर लोक तोंडावर काही म्हणत नसत, पण जन्मभर आठवण ठेवत. अप्पा मुळात कमी बोलणारे. पाहुणे गेल्यावर ते उंबऱ्यावर बसले, अंगणाकडं असं बघत राहिले की जणू एखादं जुनं जनावर ऐनवेळी लाथ मारून गेलंय, आणि म्हणाले, "मांडव हितंच पडंल." कसा, ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मला त्या वयात सगळंच माहीत होतं.

कारण आमच्याकडं ट्रॅक्टर होता. नागूकाका म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ. त्यानं उसाच्या सऱ्यांतून फिरवायला उदगीरहून एक एवढासा ट्रॅक्टर आणला होता. मोठ्या ट्रॅक्टरच्या पोटातून नुकता पडल्यासारखा, लाल, पुढची चाकं हातगाड्यासारखी. गावातले लोक विचारायचे, "नागू, ह्याचं दूध तुटलं का रं?" काका चिडायचा नाही, तो म्हणायचा, "डिझेल पितंय, पर बाटलीनं." आवाज मात्र त्याचा त्याच्या मापाचा नव्हता. सुरू झाला की टुक-टुक करत सगळ्या गल्लीतली भांडी वाजवायचा. माती सारायला म्हणून काकानं गुऱ्हाळातली फुटकी काहील उदगीरच्या वेल्डिंगवाल्याकडून कापून घेतली आणि तिच्या बाकाचा लोखंडी पाता करून मागं बसवला. दांडा ओढला की पाता वर, सोडला की खाली. गुळाची काहील ती. नव्या पात्याला ऊन लागलं की गुळाचा वास यायचा आणि ट्रॅक्टरच्या मागं मुंग्यांची रांग लागायची. लग्नघरचा खमंग वास काय असतो हे लोक सांगतात, मला अजून डिझेल आणि गूळ असा मिळून वास आला की कुणाचं तरी लग्न निघालंय असं वाटतं.

काकाला मूलबाळ नव्हतं आणि मला लाज नव्हती, म्हणून ट्रॅक्टरवर मी बसले. आधी मडगार्डवर, मग काकाच्या मांडीपुढं स्टेअरिंग धरून, मग एकटी, उसाच्या रानात, जिथं माय बघू शकत नव्हती. मी कलावती, सगळ्यांची कलू, सोळावं सरत आलेलं. ट्रॅक्टरला दृष्ट लागू नये म्हणून मी त्याच्या दोन्ही दिव्यांखाली काजळ लावायचे. स्वतःच्या डोळ्यांत घालून उरलं तर. बसस्टँडपाशी बसलेली सगळी पोरं माझ्याकडं बघतात असा माझा पक्का समज होता आणि मी वेणी पुढं घेऊन, हनुवटी वर करून त्यांच्यापुढून जायचे. पुष्कळ वर्षांनी त्यांतल्याच एकानं, आता त्याला कवळी आहे, मला सांगितलं की ते सगळे पात्याच्या मागं धावणाऱ्या मुंग्या बघत होते.

तर अप्पा उंबऱ्यावर बसलेले आणि मी उभी राहून म्हटलं, "अंगण मी करते सपाट."

"तू?" काका म्हणाला. "आगं, तुला भाकरी गोल येत न्हाई."

"भाकरीला स्टेअरिंग न्हाई."

माय आतून ओरडली, "जीभ बघा कशी चालतीय! हिला कोण करून घिईल?" पण काकाच्या मिशा हलल्या. पैज म्हटली की त्याला झोप येत नसे. म्हणाला, "हळदीच्या दिसापत्तूर अंगण सपाट करून दाखव. सपाट म्हंजे सपाट. केलंस तर ट्रॅक्टर तुझ्या हाती, रानातलं समदं तूच बघायचं. न्हाई झालं तर परत स्टेअरिंगला हात लावायचा न्हाई. गुमान उदगीरला मावशीकडं जायचं अन् शिवणाची मशीन शिकायची."

अक्का दाराआडून ऐकत होती. ती म्हणाली, "बाई गं, माझं लगीन हाय व्हय हे, का हिची शर्यत?" तिचं कुणी ऐकलं नाही. मी काकाच्या हातावर हात मारला.

लोकांना वाटतं ट्रॅक्टर चालवणं म्हणजे पुढं बघणं. पाता मागं असतो. माती सारायची तर पुढं चालायचं आणि मागं बघायचं, मान घुबडासारखी फिरवून. पहिल्याच खेपेला मी पाता पूर्ण खाली सोडला. तो दारापुढच्या टणक मातीत रुतला, आणि ट्रॅक्टरनं पुढची दोन्ही चाकं उचलून देवळातल्या नंदीसारखा नाही, भडकलेल्या घोड्यासारखा पवित्रा घेतला. मी किंचाळले, की ट्रॅक्टर किंचाळला, यावर घरात अजून मतभेद आहेत. काका कडेच्या कडुलिंबाखाली बसून विडी ओढत होता, त्यानं नुसतं बोट वर केलं: पाता वर घे. मग जमलं. थोडी थोडी माती खरवडायची, वरून खाली ओढायची, गल्लीच्या बाजूला टाकायची, पुन्हा वर. वर काप, खाली भर. शाळेत मास्तरांनी शिकवलेलं काहीच कधी उपयोगी पडलं नव्हतं, पण ही वजाबाकी-बेरीज मला एवढी आवडली की मी जेवायलासुद्धा खाली उतरत नव्हते. अक्का धपाटं आणि शेंगांची चटणी वर हातात द्यायची, आणि एका हातानं खात मी चालवायचे. चटणीत डिझेल लागायचं. बरं लागायचं.

दारापुढची माती कापत गेल्यानं एक झालं: उंबरा अधांतरी राहिला. सकाळी माय सडा घालायला बाहेर पडली ती सवयीनं पाऊल टाकून थेट गुडघाभर खाली आली, बादलीसकट. मला ज्या शिव्या बसल्या त्या इथं लिहीत नाही. त्यांतल्या काही कानडी होत्या, कारण मराठीतल्या संपल्या. अप्पांनी मुकाट्यानं दोन दगड आणून पायरी रचली. तेवढंच ते बोलले म्हणायचं.

सपाट झालं की नाही हे बघायचं कसं, याची युक्ती माझीच. अंगणाच्या मधोमध लिंबू ठेवायचं. घरंगळलं की तिकडची बाजू खाली आहे, तिकडं माती ओढायची. मी दिवसभर लिंबू ठेवायचे, उचलायचे, ठेवायचे. लिंबाला अंगणातली मातीच लागून लागून ते काळं-पिवळं झालं. आता मेहकरात अंगणाच्या मध्यभागी लिंबू दिसलं तर त्याचा एकच अर्थ. शेजारची म्हातारी गल्लीतून डोकावली, लिंबू बघितलं, भोवती ट्रॅक्टरच्या चाकांची रिंगणं बघितली, आणि पदर तोंडावर घेऊन पळाली. उताराच्या घरावर करणी झाली अशी बातमी पसरली. संध्याकाळपर्यंत मायनं बोलावलेल्या पापड लाटायच्या बायका आल्याच नाहीत. माय दारोदार जाऊन सांगत फिरली, "आवं करणी न्हाई, कलू हाय!" यावर एकीनं विचारलं म्हणे, "मंग फरक काय?"

पण शेवटी लिंबू थांबलं. हळदीच्या आदल्या दिवशी मी ते मधोमध ठेवलं आणि ते जागचं हललं नाही. या कडेला ठेवलं, हललं नाही. त्या कडेला, नाही. ही गोष्ट बघायला सगळी गल्ली आली. माणसं कोंडाळं करून एक न हलणारं लिंबू बघत उभी राहिली आणि मी त्यांच्यामध्ये कंबरेवर हात ठेवून अशी उभी, जणू ते लिंबू मीच जन्माला घातलंय. नुसतं सपाट करून मी थांबले नव्हते. ‘थाळीसारखं अंगण करते’ असं सगळ्यांना सांगून बसले होते ना. मग गल्लीच्या बाजूला भर टाकून, चाकांनी दाबून दाबून, तिथं छान उभी कडाही काढली होती. थाळीला असते तशी.

काका सगळीकडून फिरला. बसून एक डोळा मिटून बघितलं. "सपाट हाय," तो म्हणाला. त्याला जरा जडच गेलं. "उद्या हळद लागू दे, मंग चावी तुझी." त्या आनंदात मी विटेएवढी जाड भाकरी केली, ती मात्र सपाट झाली नाही.

हळदीच्या दिवशी आमच्याकडं सुरगी असते. अंगणात चार कोपऱ्यांना चार तांबे ठेवायचे, त्यांच्या गळ्याभोवती सूत गुंडाळून चौक करायचा, मध्ये पाटावर नवरीला आणि तिच्याबरोबर आईबापांना, चुलत्याला, बहिणीला बसवायचं, आणि सवाष्णींनी गाणी म्हणत हळदीचं पाणी ओतायचं. ओतायचं म्हणजे शिंपडायचं नव्हे. बायकांना वर्षातून एकदा मिळणारी मोकळीक ती. आधी नवरीवर घागरी, मग बापावर, मग काकावर मुद्दाम गार पाणी, मग एकमेकींवर, मग गल्लीतून जाणाऱ्या कुणावरही. विहिरीवरून घागरींची रांग लागलेली. ‘अगं बया, डोळ्यांत गेलं’, ‘जाऊ दे, डोळं बी पिवळं होऊ दे’. काकाच्या मिशांतून हळद गळायला लागली तेव्हा तो नवरदेवापेक्षा लाजला. पिढ्यान् पिढ्या हे सगळं पाणी आमच्या अंगणातून उतारानं सरळ गल्लीत आणि तिथून ओढ्याला गेलं होतं. त्या उताराचे कुणी कधी आभार मानले नव्हते. तो दिसत होता तेव्हा फक्त आमटी घालवणारा होता.

मी पाटावर बसलेली, डोळे मिटलेले, आणि मला जाणवलं की पाट तरंगतोय. डोळे उघडले तर अंगणात पिवळं तळं. पाणी कुठंच जायला तयार नव्हतं. कशाला जाईल? मी त्याच्यासाठी थाळी केली होती, कडेसकट. खालची सगळी भर काळ्या मातीची, नवी, भुसभुशीत, तिनं पाणी पिऊन पिऊन अंग फुगवलं होतं. एका बाईनं पाय उचलला तर पाय आला, जोडवं राहिलं. दुसरी तिला ओढायला गेली आणि दोघी बसल्या. अंगणभर नुसतं हसणं आणि पचक-पचक. अक्का, डोक्यापासून पायापर्यंत हळदीनं माखलेली, चिखलात पाटावर एकटी सरळ बसून माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं की रडू, हे हळदीमुळं कळत नव्हतं.

आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप वाजली. आळंदहून नवऱ्यामुलाची उष्टी हळद आली होती, आणि ती घेऊन खुद्द गुरव्वा आत्या.

आता शहाण्या मुलीनं काय केलं असतं? धावत जाऊन जीप गल्लीतच थांबवली असती. मी काय केलं? पूर्वी आमच्या अंगणात गाडी चढायची छाती कुणाला नव्हती, आणि आता अंगण सपाट होतं, आणि ते कुणी केलं होतं? मी चिखल तुडवत पुढं गेले, दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "या, या, या! डायरेक आत या!" ड्रायव्हर बिचारा आत आला. कडा ओलांडली आणि जीप आसापर्यंत खाली बसली. लोण्यात चमचा बसावा तशी, काही आवाजसुद्धा नाही.

बायकांच्या घागरी हातातच राहिल्या. आत्या दोन्ही हातांनी हळदीचं ताट धरून जीपमधून उतरल्या. इरकली लुगडं, नाकात मोरणी. एक पाय टाकला, तो पोटरीपर्यंत गेला. दुसरा टाकला, तोही गेला. त्यांनी ताट डोक्यावर धरलं, कारण उष्टी हळद जमिनीला लागली तर अपशकुन, आणि तशाच, देवीसारख्या, चिखलात रोवलेल्या उभ्या राहून त्यांनी विचारलं, "हे अंगण कुणी केलं?"

 सगळ्या पिवळ्या माणसांनी एकाच दिशेनं बघितलं.

"मी," मी म्हटलं. "सपाट हाय आत्या. लिंबू ठिवून बघितलंय."

"लिंबू," आत्या म्हणाल्या. "आमच्या पावण्यांत लिंबू किती हायत गं?" आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, मग डोक्यावरचं ताट. मोठी बाई हसायला लागली की लहान बायकांना वाट मिळते. सगळं अंगण पुन्हा फुटलं.

जीप काढायची तर ट्रॅक्टरच पाहिजे. काकानं माझ्याकडं बघून मान हलवली, चावी खिशातच होती, त्यानं फेकली. ट्रॅक्टर कडुलिंबाखाली कोरड्यात होता. तो मी चिखलाच्या काठाशी उलटा आणला, जीपला साखळी लावली, आणि गेर टाकला. चाकं जागेवर गरगर फिरली आणि मागं उभ्या सगळ्यांच्या अंगावर मातीचा एक नवा थर चढला. ट्रॅक्टर हलका, जीप जड. काका ओरडला, "वजन टाका, वजन!" बायका धावल्या. दोघी या मडगार्डवर, एक त्या, तिघी पात्यावर उभ्या. तरी चाक फिरतंच. तेव्हा आत्या म्हणाल्या, "सरका," आणि दोन पुरुषांनी हात देऊन त्यांना वर चढवलं. त्या माझ्या डाव्या मडगार्डवर बसल्या, ताट मांडीवर घट्ट. ट्रॅक्टर त्या बाजूला कलला आणि चाकानं जमीन धरली. धूर, टुक-टुक, साखळीचा कडकडाट, बायकांचं किंचाळणं, आणि जीप फसक्कन सुटून बाहेर आली. आत्यांनी उजव्या हातानं माझ्या पाठीत असा धपका घातला की मला वाटलं आता मी सुटून बाहेर पडते. म्हणाल्या, "ह्येला म्हणत्यात गाडी!"

जीप निघाली, पण अंगण होतं तिथंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्षता. मांडवाचे बांबू येऊन पडलेले, ते रोवायला कोरडी वीतभर जागा नाही. काका माझ्यापाशी आला. हळदीच्या मिशांतून हळूच म्हणाला, "बोल. सपाट ठिवतीस का उतार देतीस?"

मला त्याचा डाव लगेच कळला. उतार दिला तर पाणी जाईल, लग्न लागेल. पण उतार दिला तर अंगण सपाट राहणार नाही, आणि पैज हळद लागेपर्यंतची होती. अक्काच्या अंगावर अजून आळंदची हळद लागायची होती. म्हणजे मी माझ्याच हातानं हरायचं. आता लिहिताना सोपं वाटतं. पण तेव्हाच्या त्या कलूनं खरंच हुज्जत घातली. स्टेअरिंगला मिठी मारून बसली. म्हणाली, कोरडा कोंडा टाकू. म्हणाली, राख टाकू. म्हणाली, रात्रभर ऊन पडलं तर वाळेल. यावर काका म्हणाला, "रातचं ऊन कुणाच्या गावात पडतंय?" म्हणाली, मांडव घरामागं घालू. अप्पा उंबऱ्याच्या दगडी पायरीवर उभे होते. त्यांनी धोतराचा सोगा पिळला, त्यातून पिवळं पाणी पडलं.

अक्का चिखलातून चालत आली. चाकावर हात ठेवून म्हणाली, "कलू, कामून अशी करायलीस? लगीन माझं हाय गं."

तिनं एवढंच म्हटलं. ओरडून म्हणाली असती तर मी आणखी तासभर भांडले असते. मी नाक ओढलं, पाता खाली सोडला आणि गल्लीकडच्या त्या सुंदर कडेवर, जी मी दोन दिवस चाकांनी दाबून काढली होती, ट्रॅक्टर मागं घेतला. कडा फुटली. सगळं पिवळं पाणी एकदम घो घो करत गल्लीत सुटलं. त्याच्याबरोबर पाट गेला, एक तांब्या गेला, कुणाचं तरी जोडवं गेलं असेल, आत्यांची एक चप्पल गेली, आणि आमची आखूड तंगडीची एक कोंबडी पंख पसरून त्यावर बसून गेली. पोरं ओरडत मागं धावली. मी मात्र मान मागं वळवून पाता ओढत होते, दारापासून गल्लीपर्यंत, पूर्वीसारखा उभा उतार नाही, जेवणाऱ्याला कळणार नाही पण पाण्याला कळेल एवढाच. पाणी आधीच साठून दाखवत होतं की जमीन कुठं बसलीय, मला फक्त त्याचं ऐकायचं होतं. सूर्य बुडायच्या आत वरचा चिखल खरवडून झाला, अप्पांनी बैलगाडीनं मुरूम आणून पसरला, सगळ्या गल्लीनं चोपण्या घेऊन चोपला. आत्या चिखलाच्या लुगड्यानंच खाटेवर बसून हुकूम सोडत होत्या.

काम झालं. मी उतरले. काकानं हात पुढं केला आणि मी चावी त्याच्या तळव्यावर ठेवली. त्यानं ती बंडीच्या खिशात टाकली आणि वरून थापटली. अगदी थापटली. मला तो खिसा चावावासा वाटला.

लग्न झकास झालं. दारात मांडव, अप्पांच्या डोक्याला फेटा, पंगतीत हुग्गी आणि आमटी, आणि पत्रावळीतलं दूध पत्रावळीतच. आत्यांच्या जावयानं तरी दोनदा मागं वळून बघितलं. मी वाढत होते, हसत होते, आणि मनातून शिवणाच्या मशीनीला शिव्या देत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाठवणी. नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जायला पाठराखीण लागते. कोण जाणार म्हणून बायकांची चर्चा चालू होती. आत्या म्हणाल्या, "चर्चा कशाला? हीच यील. अन् हिचं ते लाल लेकरू बी संगं धाडा. आमच्या अंगणातलं पाणी धा वर्सं झाली, घरात शिरायलंय."

काका म्हणाला, "आत्या, ती पैज हरलीय. ट्रॅक्टरला हात लावायचा न्हाई."

"हरली म्हणून तर मागायलेय," आत्या म्हणाल्या. "जिकली असती तर माझी सून अजून चिखलात बसली असती."

 काका ट्रॅक्टरवर बसला, मला मडगार्डवर बसायला सांगितलं, आणि जीपच्या मागं आम्ही निघालो. जीपमध्ये अक्का रडत होती, ट्रॅक्टरवर मी. गावाची शीव ओलांडल्यावर त्यानं बाभळीपाशी ट्रॅक्टर उभा केला, चालूच. म्हणाला, "मी जरा झाडाआड जाऊन येतो. तवर धर." मी स्टेअरिंग धरलं. तो झाडाआड गेला, झाडाच्या त्या बाजूनं निघाला, पुढं थांबलेल्या जीपमध्ये जाऊन बसला आणि ड्रायव्हरला चल म्हणाला. एकदाही मागं बघितलं नाही. त्याच्या जागी जीपमधून आत्या आधीच उतरल्या होत्या. जीपमध्ये आपल्याला मळमळतं, असं त्यांनी जाहीर केलं आणि माझ्या डाव्या मडगार्डवर ताट नसताना बसल्या. वाटेत चहाच्या प्रत्येक टपरीवर जीप आमची वाट बघत उभी असायची, आणि टपरीवरची माणसं काळी-पिवळी मुलगी, तिचा एवढासा ट्रॅक्टर आणि त्यावरची इरकल नेसलेली बाई बघून पेला ओठाशीच धरून राहायची. लायसन विचारणारं कुणी भेटलं नाही. भेटलं असतं तर आत्यांनी त्यालाही पात्यावर उभं केलं असतं, वजनाला. माझी नात हे वाचून म्हणाली, "आजी, इतक्या लांब? खोटं." मी तिला म्हटलं, तू स्कूटीवर दूध आणायला जाताना हेल्मेट घालतेस, तुला काय कळणार.

उन्हं कलताना आळंदला पोचलो. दारात माप भरून ठेवलेलं, बायका ओवाळायला उभ्या, अक्का पदर सावरून पाऊल उचलायच्या बेतात. आत्यांनी हात वर केला. "थांब गं सूनबाई." मग माझ्याकडं वळून, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर, एखाद्या कारभाऱ्याला विचारावं तसं विचारलं, "बोल पोरी. उतार कुणीकडं देतीस?"

मी ट्रॅक्टरवरून उतरले. अंगण लांबरुंद होतं, चांगलं सपाट दिसत होतं. दिसण्याची मला आता खात्री राहिली नव्हती. मी म्हटलं, "आधी पाणी द्या."

एवढ्या लांबून आलेल्या पोरीला तहान लागली असणार म्हणून कुणीतरी पळत जाऊन तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आलं. मी गूळ खाल्ला आणि तांब्या अंगणात ओतला.